पेशंटच्या खाटेपाशी शिकवताना

सलाईनसाठी हाताच्या नसेत कॅन्युला घालताना एक क्षण येतो. सुईचं टोक नसेत पोचतं आणि कॅन्युलाच्या मागच्या पारदर्शक कप्प्यात रक्त उतरतं. नव्या इंटर्नला ते रक्त दिसलं की हायसं वाटतं. तो तिथेच सुई धरून प्लॅस्टिकची नळी पुढे सरकवायला जातो आणि बघता बघता पेशंटच्या हातावर निळा फुगा येतो. नस फुटलेली असते. तेच काम वॉर्डातली जुनी सिस्टर करते तेव्हा नळी अलगद आत जाते. दोघांच्या कामात फरक असतो तो जेमतेम दोन मिलिमीटरचा. सुईचं टोक नळीच्या तोंडापेक्षा थोडं पुढे असतं. रक्त दिसतं तेव्हा सुई नसेत गेलेली असते, पण नळीचं तोंड अजून बाहेरच असतं. म्हणून रक्त दिसल्यावर हात किंचित खाली, त्वचेच्या सपाटीला आणायचा, सुईसकट थोडं आणखी पुढे जायचं आणि मगच नळी सरकवायची.

आता त्याच सिस्टरना किंवा चार वर्षं हेच करत आलेल्या रेसिडेंटला विचारून पाहा, "रक्त दिसल्यावर तुम्ही काय करता?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नळी पुढे सरकवते." हात खाली आणण्याचा उल्लेखच होत नाही. लपवण्याचा हेतू मुळीच नसतो. हजार वेळा केलेली हालचाल हाताच्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती आपण करतो हे करणाऱ्यालाच कळेनासं होतं.

डॉक्टरांना शिकवायला शिकवावं लागतं, ते यासाठी. चांगला डॉक्टर झाला की शिकवणं आपोआप जमतं, हा आपल्या मेडिकल कॉलेजांमधला फार जुना समज आहे. एमबीबीएसची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एमडी किंवा एमएसची तीन, अशी साडेआठ वर्षं माणूस वैद्यक शिकतो. पुढे सीनिअर रेसिडेंट म्हणून रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याच्या मागे तिसऱ्या वर्षाची बारा-पंधरा मुलं उभी राहतात. त्यांचं काय करायचं, हे त्या साडेआठ वर्षांत त्याला सहसा कोणी सांगितलेलं नसतं. मग आपल्या सरांनी आपल्याला जसं शिकवलं तसंच तो शिकवतो. सर चांगले असले तर मुलांचं नशीब.

खाटेपाशी शिकवण्याची रीत जुनी आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला हॉलंडमधल्या लायडेन गावी हर्मन बुरहाव्ह हे प्राध्यापक शिकवत, तेव्हा त्यांच्या हाताशी शिकवण्यासाठी 12 खाटा होत्या, सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. तेवढ्यांवर युरोपभरचे विद्यार्थी शिकून गेले. बाल्टिमोरला 1893 साली जॉन्स हॉपकिन्सचं मेडिकल स्कूल सुरू झालं, तिथे विल्यम ऑस्लर यांनी विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या बाकांवरून उठवून वॉर्डात कामाला लावलं. पेशंटची जबाबदारी, केस लिहिणं, रोज पाहणं. आज आपण ज्याला वॉर्ड पोस्टिंग म्हणतो त्याची घडण तिथली. बुरहाव्ह यांच्या 12 खाटा मला नेहमी आठवतात, कारण आपल्याकडे पेशंटची वाण कधीच नसते. तीस खाटांच्या वॉर्डात पन्नास पेशंट असतात. तरी इंटर्नशिपला आलेल्या मुलाच्या हाताला स्प्लीन कधी लागलेलीच नसते, असं होतं. मग ती पन्नास माणसं रोज आपल्या पुढ्यात असून उपयोग काय?

एका ओपीडीतला प्रसंग घेऊ. तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी एका बाईंना तपासून आली आहे. बाई 38 वर्षांच्या, शेतमजूर, सहा महिन्यांपासून चढावर धाप लागते, पंधरा दिवसांपासून जास्त. मुलगी सरांना सगळं सांगते आणि थांबते. इथून पुढे बहुतेक ठिकाणी काय होतं? सर वळून थेट बाईंनाच प्रश्न विचारू लागतात. दोन मिनिटांत त्यांना निदान कळतं, ते केस पेपरवर तपासण्या लिहितात आणि मुलीला सांगतात, "ॲनिमियाचे प्रकार वाचून ये." पेशंटचं काम झालं. मुलीच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मात्र कुणालाच कळलं नाही.

अमेरिकेतल्या फॅमिली मेडिसिनच्या शिक्षकांनी, जॉन नेहर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, 1992 साली या नेमक्या अडचणीवर एक पद्धत मांडली. तिला पुढे 'वन मिनिट प्रिसेप्टर' हे नाव पडलं. प्रिसेप्टर म्हणजे कामाच्या जागी शिकवणारा डॉक्टर. पायऱ्या पाच आहेत. याच प्रसंगात त्या कशा चालतात ते पाहू.

"तुला काय वाटतं, काय झालं असेल?"

"सर, ॲनिमिया."

ही पहिली पायरी. विद्यार्थ्याने स्वतःचं मत देऊन बांधून घ्यायचं. चुकलं तरी चालेल. मत दिल्याशिवाय चूक दिसत नाही, आणि चूक दिसल्याशिवाय काय शिकवायचं हे कळत नाही.

"कशावरून म्हणतेस?"

"पापण्या आतून एकदम पांढऱ्या आहेत सर. जीभही फिकी आहे. पाळी आठ-नऊ दिवस जाते म्हणाल्या, रक्त पण जास्त."

"बरं. आणखी कशाने अशी धाप लागेल?"

ती घुटमळते. "हार्टचं काही असू शकेल."

"ते आहे की नाही, हे ठरवायला त्यांना काय विचारलंस?"

ती गप्प. दुसरी पायरी इथे पुरी झाली. मताच्या मागचा आधार तपासला आणि पोकळ जागा सापडली. मुलीला ॲनिमिया चांगला येतो. ॲनिमियाचे प्रकार वाचून ये म्हणणारे सर तिला येत असलेलंच पुन्हा शिकवायला निघाले होते. तिला येत नाही ते वेगळंच आहे. धाप हृदयाची आहे का, हे गप्पांतून कसं ओळखायचं, ते.

तिसऱ्या पायरीत एक सर्वसाधारण नियम सांगायचा. एकच, आणि उद्या दुसऱ्या पेशंटवर वापरता येईल असा. "धाप लागते म्हणणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, सपाट झोपता येतं का, उशा किती लागतात, आणि रात्री झोपेतून दम कोंडून उठून बसावं लागतं का. यातलं काही असेल तर नुसत्या ॲनिमियावर थांबायचं नाही, हृदयाच्या डाव्या बाजूचा विचार करायचा." फार तीव्र ॲनिमिया स्वतःच हृदयाला थकवू शकतो, हेही खरं आहे. पण ते आत्ता सांगायचं नाही. जाणत्या डॉक्टरला इथे जीभ आवरणं सगळ्यात अवघड जातं. त्याला त्या एका लक्षणातून बारा वाटा दिसत असतात आणि सगळ्या दाखवाव्याशा वाटतात. मुलीच्या हाती एक वाट लागली तर ती घरी घेऊन जाईल. बारा दाखवल्या तर एकही नाही.

चौथी पायरी, जे बरोबर केलं ते नाव घेऊन सांगणं. "पापणी आणि जीभ दोन्ही पाहिलीस, पाळीचे दिवस मोजून विचारलेस, हे बरोबर." पाचवी, चूक दुरुस्त करणं. "हृदय ऐकलंस तेव्हा बाई उताण्या होत्या. मायट्रल झडप आखडली असेल तर तिचा आवाज खालच्या पट्टीतला, घरघरल्यासारखा असतो. डाव्या कुशीवर वळवून, स्टेथोस्कोपची बेल हलकेच ठेवून, श्वास सोडायला सांगून ऐकायचं. चल, दोघं मिळून ऐकू." वाताच्या तापाने झडपा खराब झालेले पेशंट आपल्या ओपीडीत आजही येतात, त्यामुळे हे ऐकणं पुस्तकातलं राहत नाही.

नाव एका मिनिटाचं असलं तरी याला चार-पाच मिनिटं लागतात. शंभर पेशंटच्या ओपीडीत प्रत्येकापाशी हे जमणार नाही. दिवसातून तीन पेशंट निवडून केलं तरी महिन्याच्या पोस्टिंगमध्ये पन्नाससाठ वेळा होतं. मला हा हिशोब फार आश्वासक वाटतो.

आणखी एक पद्धत क्लीव्हलंडच्या शिक्षकांनी 2003 साली मांडली, तिला स्नॅप्स म्हणतात. तिच्यात सूत्रं विद्यार्थ्याच्या हाती असतात. तो थोडक्यात केस सांगतो, दोन किंवा तीन शक्यतांवर येतो, त्यांची एकमेकींशी तुलना करतो, आपल्याला अडलेलं शिक्षकांना विचारतो, उपचाराचा बेत मांडतो आणि वाचण्यासाठी एक मुद्दा स्वतः निवडतो. यातली चौथी गोष्ट आपल्याकडे मोलाची आहे. सरांना शंका विचारणं म्हणजे आपल्याला येत नाही हे सगळ्यांसमोर कबूल करणं, असं आपली मुलं धरून चालतात. विचारणं हा नेमून दिलेल्या कामाचाच भाग झाला, की तो भार उतरतो.

प्रश्न विचारण्याबद्दल इथेच सांगायला हवं. वॉर्डातले बरेच प्रश्न 'माझ्या मनात काय आहे ते ओळख' या जातीचे असतात. "या पेशंटमध्ये सगळ्यात महत्त्वाचं काय?" सरांना हवी असतात नखं, मुलं अंदाजाने डोळे, हात, पाय म्हणत राहतात आणि शेवटी सर स्वतःच सांगतात. त्यातून मुलं सरांची आवड ओळखायला शिकतात. प्रश्न असा हवा की उत्तरातून विचार बाहेर यावा. "यांच्या पोटात पाणी आहे की गॅस, हे तू कसं ठरवशील?" आणि विचारल्यावर थांबायला हवं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने शाळांतल्या विज्ञानाच्या तासांचं ध्वनिमुद्रण करून पाहिलं, तेव्हा शिक्षक प्रश्नानंतर सरासरी एक सेकंद थांबत असल्याचं तिला आढळलं. ते तीन सेकंद थांबू लागले, तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, कारणांसहित येऊ लागली आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. वॉर्डात तीन सेकंद फार मोठे वाटतात. मागे सिस्टर डिस्चार्जची कागदं घेऊन उभ्या असतात. तरीही मनातल्या मनात तीन मोजावेत.

याची दुसरी बाजू म्हणजे शिक्षकाने स्वतःचा विचार मोठ्याने बोलून दाखवणं. "आत आलो तेव्हा मला दमा वाटला होता. मग मानेच्या शिरा फुगलेल्या दिसल्या आणि पाय दाबल्यावर खळगा पडला, तेव्हा माझं मत बदललं." मुलांना नेहमी शेवटचं, पक्कं निदान ऐकू येतं. सरांचंही मत वाटेत बदलतं, हे त्यांना सहसा ऐकू येत नाही. म्हणून सर थेट उत्तरावर उडी मारतात आणि ती उडी आपल्याला जन्मात जमणार नाही, अशी त्यांची समजूत होते.

महाराष्ट्रातल्या वॉर्डात एक गोष्ट मला स्वतःला सर्वांत महत्त्वाची वाटते, ती भाषेची. पेशंट म्हणतो, "चक्कर येते." विद्यार्थी कागदावर 'गिडिनेस' लिहून पुढच्या तक्रारीकडे वळतो. त्या एका शब्दात चार वेगवेगळे आजार लपलेले असतात. घर गरगर फिरतं, असं म्हणणाऱ्याच्या कानाकडे किंवा लहान मेंदूकडे पाहावं लागतं. उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते म्हणणाऱ्याचं बीपी उभं करून मोजावं लागतं, रक्त कुठून जातंय का ते पाहावं लागतं. चालताना तोल जातो म्हणणाऱ्याला चालवून बघावं लागतं. आणि कधी कधी चक्कर म्हणजे नुसता अशक्तपणा, चार दिवस नीट जेवण नसलेलं. 'जीव घाबरा होतो', 'पोटात गोळा उठतो', 'अंगात कणकण असते', 'कसंतरी होतं', हे सगळे शब्द असेच आहेत. ऑल इंडिया कोट्यातून परराज्यातली मुलं येतात, त्यांना मराठीच नवी असते. पुण्यामुंबईच्या इंग्रजी शाळांतून आलेल्या कित्येक मराठी मुलांनाही यातलं निम्मं अनोळखी असतं. पहिल्या वर्षाच्या फाउंडेशन कोर्समध्ये स्थानिक भाषेचे तास ठेवले आहेत, त्याचा उपयोग होतो. पण कोणत्या शब्दामागे काय काय असू शकतं, हे वॉर्डातच कळतं.

त्यासाठी मी एक साधा नियम पाळायला सांगतो. केस सांगताना पहिलं वाक्य पेशंटच्या तोंडचं, जसंच्या तसं, मराठीत. "बाई म्हणाल्या, चूल पेटवायला वाकलं की डोळ्यांपुढे काजवे येतात." इंग्रजी शब्द त्यानंतर. परराज्यातल्या मुलांनीही तसंच, अडखळत का होईना. असं केलं की मूल नीट ऐकायला लागतं, कारण ऐकल्याशिवाय वाक्य सांगताच येत नाही. आणि गंमत म्हणजे पेशंटही आपलं वाक्य डॉक्टरांच्या तोंडून ऐकून सावरून बसतो, मध्येच दुरुस्ती करतो, राहिलेलं सांगतो.

पेशंटचं तिथे असणं शिक्षकाने क्षणभरही विसरू नये. वॉर्डात "हा सीओपीडी बघा", "तिकडे एक छान लिव्हर आहे" असं बोलण्याची सवय फार लवकर लागते. खाटेपाशी गेल्यावर आधी नाव घेऊन हाक, मग ओळख. "आजी, ही शिकाऊ डॉक्टर मुलं आहेत. तुमचं पोट तपासून शिकतील, चालेल का?" नाही म्हणण्याची मोकळीक खरी असायला हवी, आणि नाही म्हटल्याने उपचारात काही फरक पडणार नाही, हेही सांगायला हवं. दुखरं पोट बारा जणांनी दाबायचं नसतं. दोघांनी तपासायचं, बाकीच्यांनी पाहायचं, दुसऱ्या दिवशी दुसरे दोघे. स्त्री पेशंट असेल तर पडदा, सोबत सिस्टर, आणि लागेल तेवढंच अंग उघडं. हे सगळं मुलं न सांगता शिकतात, सरांना करताना पाहून. सरांनी केलं नाही, तर तेही शिकतात.

इंग्रजीत बोललं म्हणजे पेशंटला कळत नाही, ही समजूत चुकीची आहे. कॅन्सर हा शब्द साऱ्या महाराष्ट्राला कळतो. सगळ्या शक्यतांची यादी खाटेपाशी मोठ्याने म्हटली, की पेशंट त्यातली सर्वांत वाईट तेवढी लक्षात ठेवतो आणि रात्रभर जागतो. म्हणून शिकवण्याच्या तीन जागा कराव्यात. वॉर्डाबाहेर दोन मिनिटं: आज कुठला पेशंट पाहायचा आहे, काय शिकायचं आहे, कोण काय करेल. खाटेपाशी फक्त तेच, जे पेशंटशिवाय शिकता येत नाही, म्हणजे बोलणं आणि तपासणं. शक्यता, वाद आणि वाईट बातम्या नंतर बाजूच्या खोलीत. आणि खाट सोडण्यापूर्वी पेशंटला मराठीत सांगायचं, आम्ही काय बोललो, पुढे काय करणार आहोत. हे सांगण्याचं काम मी विद्यार्थ्यालाच देतो. आपल्याला आजार कळला आहे की नाही, हे तो आजीला समजावून सांगताना लगेच उघडं पडतं.

हातांची कामं शिकवण्याची गोष्ट वेगळी. वर्षानुवर्षं चालत आलेली रीत म्हणजे एक बघ, एक कर, एक शिकव. त्यात पहिला प्रयोग नेहमी एखाद्या गरीब पेशंटवर होतो. पेटन या ब्रिटिश सर्जनांनी मांडलेली चार टप्प्यांची पद्धत मला पसंत आहे. पुन्हा कॅन्युलाच घेऊ. पहिल्यांदा शिक्षक नेहमीच्या वेगाने, न बोलता करून दाखवतो, म्हणजे पुरं काम कसं दिसतं ते कळतं. दुसऱ्यांदा सावकाश, प्रत्येक हालचाल बोलून. पट्टा बांधला, नस बोटाने चाचपली, स्पिरिटने पुसलं आणि ते वाळू दिलं, त्वचा ताणली, हात तिरका ठेवून सुई आत, रक्त दिसलं, हात खाली, थोडं पुढे, आता नळी. हे बोलताना पहिल्यांदाच शिक्षकाला स्वतःच्या हाताची ती दोन मिलिमीटरची हालचाल सापडते. तिसऱ्यांदा विद्यार्थी एकेक पायरी सांगतो आणि शिक्षक तेवढंच करतो, सांगितलं नसेल ते करत नाही. विद्यार्थी 'पट्टा सोडा' म्हणायला विसरला तर शिक्षकाचा हात तिथेच थांबतो. या टप्प्यावर सगळ्यांत जास्त शिकून होतं, आणि घाईत नेमका हाच गाळला जातो. चौथ्यांदा विद्यार्थी स्वतः, बोलत बोलत. पहिले तीन टप्पे रबरी हातावर करता येतात. वापरलेली सुई पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात टाकेपर्यंत काम संपलेलं नाही, हेही पायऱ्यांतच मोजायचं, कारण सुई टोचण्याचे अपघात अनेकदा काम संपलं असं वाटल्यावर होतात.

विद्यार्थ्याला काही येतं की नाही हे कसं कळावं? 1990 साली जॉर्ज मिलर यांनी चार पायऱ्यांचा एक पिरॅमिड मांडला. तळाशी माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्यावर करून दाखवणं आणि टोकाला प्रत्यक्ष कामात करणं. 2019च्या बॅचपासून एमबीबीएसला लागू झालेला क्षमताधारित अभ्यासक्रम याच विचारावर उभा आहे. कुठलं कौशल्य कुठल्या पायरीपर्यंत यायला हवं, ते त्यात लिहिलेलं आहे, आणि लॉगबुकात शिक्षकाची सही लागते. सही करण्यापूर्वी पाहायला मात्र हवं. आपल्या व्यवस्थेतली मोठी उणीव इथे आहे. विद्यार्थी पेशंटशी बोलतो तेव्हा शिक्षक तिथे नसतो. तो ऐकतो ती नंतर सांगितलेली केस. मुलाने पेशंटचं बोलणं कितीदा मध्येच तोडलं, पोट थंड हातांनी दाबलं का, दाबताना चेहऱ्याकडे पाहिलं का, यातलं काहीच त्या केसमध्ये येत नाही.

त्यावर जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी 1995 साली मिनी-सेक्स नावाची पद्धत सुचवली. पंधरावीस मिनिटं शिक्षक बाजूला उभा राहून नुसता पाहतो. विद्यार्थी एकच मर्यादित काम करतो, समजा खोकल्याची हिस्टरी घेतो. नंतर पाच-दहा मिनिटं त्यावर बोलणं. पाहताना मध्ये न बोलणं शिक्षकांना फार जड जातं. मी सुरुवातीला हात पाठीमागे बांधून उभा राहायचो.

आणि मग ते नंतरचं बोलणं. "चांगलं आहे, अजून वाच" याने कुणाचं काही सुधारत नाही. "तुला काहीच येत नाही" यानेही नाही. पाहिलेली गोष्ट सांगायची, आणि ती लगेच सांगायची. "बाबा खोकल्यात रक्त पडल्याचं सांगत होते, तेव्हा तू खाली बघून लिहीत होतास, आणि पुढचा प्रश्न विडीचा विचारलास. रक्ताबद्दल आणखी एक प्रश्न विचारला असतास तर कधीपासून आणि किती ते कळलं असतं." हे ऐकून मुलाला नेमकं ठाऊक होतं, उद्या काय वेगळं करायचं. आधी त्यालाच विचारावं, तुझ्या मते काय जमलं, काय राहिलं. बहुतेक वेळा तो स्वतःच आपली चूक सांगतो. चार लोकांसमोर, त्यातही पेशंटसमोर, कुणाला खाली पाहायला लावू नये. मी विद्यार्थी असताना एका सरांनी पेशंटसमोर केस पेपर भिरकावला होता. त्या पेशंटचं निदान आज मला आठवत नाही. जमिनीवर पडलेले ते कागद आठवतात.

शिक्षकांना हे सगळं शिकवण्याचे प्रयत्न आपल्याकडे बऱ्याच वर्षांपासून चालू आहेत. पुद्दुचेरीच्या जिपमरमध्ये 1970च्या दशकात राष्ट्रीय शिक्षक प्रशिक्षण केंद्र उभं राहिलं. मुंबईत सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात 2005 साली फायमर संस्थेचं भारतातलं पहिलं प्रादेशिक केंद्र सुरू झालं, मग लुधियाना आणि कोइमतूर. त्यांतून शिक्षणशास्त्राकडे गांभीर्याने पाहणाऱ्या डॉक्टरांची एक पिढी तयार झाली. आता प्रत्येक मेडिकल कॉलेजात वैद्यकीय शिक्षणाचं युनिट असतं आणि शिक्षकांना तीन दिवसांचा मूलभूत अभ्यासक्रम करावा लागतो. सहयोगी प्राध्यापक होण्यासाठी तो आवश्यक आहे. त्यात मायक्रोटीचिंग असतं. पाच-सात मिनिटं सहकाऱ्यांसमोर शिकवायचं आणि त्यांचं ऐकायचं. वीस वर्षं शिकवलेले प्राध्यापक तिथे घाम पुसताना मी पाहिले आहेत, आणि त्याच प्राध्यापकांना तिसऱ्या दिवशी मनापासून नवं काही करून पाहतानाही पाहिलं आहे.

पण तीन दिवस संपतात आणि सोमवारी पुन्हा तोच राऊंड, तीच गर्दी. शिकलेलं टिकायचं असेल तर वॉर्डातच काहीतरी चालू राहायला हवं. मला उपयोगी पडलेली गोष्ट अगदी साधी आहे. दोन शिक्षकांनी जोडी करायची. पंधरा दिवसांतून एकदा एकाने दुसऱ्याच्या राऊंडला मागे उभं राहून दहा मिनिटं पाहायचं आणि एकाच गोष्टीवर लिहायचं, आधी ठरवलेल्या. मी माझ्या सहकारी मॅडमना सांगितलं होतं, माझे प्रश्न मोजा. दहा मिनिटांत मी 14 प्रश्न विचारले होते आणि त्यांतल्या 11 प्रश्नांची उत्तरं मीच दिली होती. मला वाटत होतं की मी मुलांना खूप बोलतं करतो. त्या कागदाने मला जे दाखवलं, ते कुठल्याही व्याख्यानाने दाखवलं नसतं. पुढच्या वेळी मी पाचच प्रश्न विचारले. राऊंड तेवढ्याच वेळात संपला.

राहिले रेसिडेंट. खरं तर सुरुवात त्यांच्यापासून व्हायला हवी, कारण विद्यार्थी आणि इंटर्न सर्वांत जास्त वेळ असतात ते त्यांच्याबरोबर. प्राध्यापक सकाळी दोन तास दिसतात. रेसिडेंट चोवीस तास. ॲडमिशनच्या दिवशी रात्री दोन वाजता कॅज्युअल्टीतून सहावा पेशंट वर येतो, तेव्हा त्यांनी वन मिनिट प्रिसेप्टरच्या पाच पायऱ्या कराव्यात असं मी म्हणणार नाही. आम्ही त्यांना एवढंच सांगतो, की प्रत्येक पेशंटमागे इंटर्नला एक प्रश्न आणि एक गोष्ट. कीटकनाशक प्यालेला मुलगा आला, ॲट्रोपिन सुरू झालं. सलाईनचा वेग लावता लावता रेसिडेंट विचारते, "ॲट्रोपिन पुरेसं झालं हे तू कशावरून ओळखशील?" इंटर्न म्हणतो, "बाहुल्या मोठ्या झाल्या की." ती म्हणते, "बाहुल्यांवर थांबू नकोस. छाती ऐक. फुप्फुसांतला खरखराट गेला पाहिजे, नाडी वाढली पाहिजे, काखा कोरड्या पडल्या पाहिजेत. जा, काखेत हात घालून बघ." तो जातो, हात घालतो आणि तिथूनच सांगतो, "मॅडम, अजून ओली आहे." ती पुढचा डोस भरायला घेते.